तळ दिसेपर्यंत

खोली दाखवायच्या आधी अक्कांनी मला स्वयंपाकघरात नेलं आणि नळाला बांधलेल्या पांढऱ्या फडक्याकडे बोट केलं.

"हे सोड आणि परत बांध."

मी सोडलं, परत बांधलं. गाठ सैल पडली आणि पाणी बाजूने गळायला लागलं. अक्कांनी फडक्याची दुहेरी घडी घालून ते करकचून बांधून दाखवलं. मग विचारलं, "आता ह्यात जे आडकलंय, त्याचं काय करायचं?"

"धुऊन टाकायचं."

"कुठं?"

मी बेसिनकडे पाहिलं आणि उत्तर चुकल्याचं मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं.

त्यांनी मला अंगणाच्या खालच्या कोपऱ्यातल्या विहिरीवर नेलं. घरात सगळं पाणी तिथूनच यायचं. काठावर एक लहान पितळी बादली होती, तिच्या तळालाही एक कडी आणि कडीला वेगळी दोरी. फडकं उलटं धरून त्यावर गाळलेलं पाणी ओतायचं, ते धुवण बादलीत घ्यायचं, बादली दोरीने अलगद खाली सोडायची आणि पाण्याला टेकली की तळाची कडी ओढून पालथी करायची. वरून ओतायचं नाही, जिवांना मार बसतो. ह्या धुवणाला त्या जिवाणी म्हणायच्या. ज्या पाण्यातून जीव आले त्याच पाण्यात ते परत गेले पाहिजेत, हा त्यांच्या जैन घरातला पिढ्यांचा नेम होता.

"ज्याच्या घरचं त्याच्या घरी," त्या म्हणाल्या. "जमंल?"

मी मान हलवली. खोली मिळाली.

हे वाक्य त्या पाण्यापुरतं ठेवत नसत. शेजारच्यांच्या झाडाचा आंबा आमच्या अंगणात पडला तर तो भिंतीवरून परत जायचा, अर्धा खारीने खाल्लेला असला तरी. शेजारची वाटी ह्या घरात रात्रभर राहिली नाही. जिन्यात पडलेली माझी केसांची पिन संध्याकाळी माझ्या उशीवर असायची. कॉलनीत सगळे त्यांना अक्का म्हणत. माहेर पेठ वडगाव, वय पासष्टच्या पुढे, उंची जेमतेम पाच फूट आणि आवाज तीन गल्ल्या ओलांडणारा.

मी मुरगूडची. वडिलांनी हौसेने मला लांबच्या इंग्रजी शाळेत, वसतिगृहात ठेवलं. तिथे मी दोन गोष्टी शिकले, पोहणं आणि गप्प बसणं. पोहणं नववीत सोडलं. का, ते इथे सांगायची गरज नाही. गप्प बसणं टिकलं. कोल्हापुरात मी एका फौंड्रीच्या ऑफिसात होते. परदेशी गिऱ्हाइकांना मेल लिहायचं काम. कास्टिंगला भेग निघाली तर "आम्हाला अत्यंत खेद वाटतो" हे मी अनेक प्रकारे लिहू शकायचे. समोरच्या माणसाला साधं "तुमचं चुकतंय" म्हणणं मात्र कधी जमलं नव्हतं.

म्हणून मी वरच्या खोलीतून अक्कांना मेसेज करायचे. "अक्का, गीझर चालत नाहीये." त्या मेसेज वाचायच्या, अंगणात यायच्या आणि मान वर करून उत्तर द्यायच्या.

"आधी बटण दाबलंस काय?"

मी खिडकीतून मान हलवायचे.

"तोंड दिलंय न्हवं देवानं? मग बोटानं कशाला बोलतीस?"

सूर्यास्तानंतर त्या जेवत नसत, आणि आपल्या घरात राहणाऱ्या पोरीनेही जेवू नये असं त्यांना वाटे. साडेपाचला ऑफिस सुटलं की मी धावतच यायचे. हिवाळ्यात तरीही उशीर व्हायचा. त्या फाटकात उभ्या राहून एकदा पश्चिमेकडे आणि एकदा माझ्याकडे बघत. "सूर्य बी तुझ्या आधी घरला पोचला." मग आत जाऊन झाकलेलं ताट माझ्यापुढे सरकवायच्या आणि स्वतः पाणीसुद्धा न घेता समोर बसून राहायच्या. त्यांच्या समोर बसण्यामुळे मी चार महिन्यांत वांगं खायला शिकले.

मागच्या अंगणात हौद होता. स्विमिंग पूल हा शब्द फक्त त्यांचा थोरला मुलगा वापरायचा. पंचवीस फूट लांब, एका टोकाला छातीइतका, दुसऱ्या टोकाला पुरुषभर खोल, उथळ टोकाला उतरायला लोखंडी शिडी. अक्कांच्या यजमानांनी तो हौसेने बांधून घेतला होता. ते रंकाळ्यात पोहायला शिकलेले. रोज सकाळी ते आणि दोन्ही मुलं पोहायची आणि अक्का टॉवेल घेऊन काठावर उभ्या राहायच्या. यजमान गेले, मुलं पुण्याला गेली, आणि पाणी जिथल्या तिथे राहिलं. मी राहायला आले तेव्हा त्याचा रंग पालकाच्या पातळ भाजीसारखा होता. वर शेवाळाची साय धरलेली, शिडीच्या दोन पायऱ्या दिसायच्या, तिसरी नाही.

जानेवारीत थोरला आला. कॉलनीत डेंग्यूचे दोन पेशंट झाले होते आणि आई एकटी त्या निसरड्या काठावरून फिरते, ह्याची त्याला काळजी होती. मी जिन्यात होते, त्यामुळे ऐकू आलं.

"आई, मे महिन्यात सुट्टी घेऊन येतो. तेव्हा तळ दिसला तर राहू दे. नाही दिसला तर मुरूम टाकून बुजवायचा. गाडी लावायला जागा होईल."

"दिसंल की."

"आई, मी मस्करी करत नाही."

"मी तरी कुठं करायलेय? मे म्हणालास. मेला ये."

तो गेल्यावर आठवड्याभरात एक माणूस आला, पूल साफ करून देणारा. शेजारच्या निवृत्त इंजिनिअर काकांनी पाठवलेला. त्याच्याकडे निळा ड्रम होता. त्याने हौदाभोवती फेरी मारली आणि दोन दिवसांत काचेसारखं करून देतो म्हणाला.

"पावणं, ह्या पावडरीनं काय काय मरतंय?" अक्कांनी विचारलं.

"सगळं मरतंय की अक्का. शेवाळ, डास, अळ्या, बेडूक. एक जीव ऱ्हात न्हाय. ग्यारंटी."

अक्का आत गेल्या, चहा घेऊन आल्या. "बसा. चहा घ्या आणि जावा."

त्याला बराच वेळ कळलं नाही की आपलं कुठे चुकलं. भिंतीपलीकडून इंजिनिअर काका म्हणाले, "अहो अक्का, क्लोरीनशिवाय हे होणार नाही. आणि पोहण्यात जीव मरत नाहीत असं थोडंच आहे?"

"मरत असतील. भाजी चिरताना बी मरत्यात. म्हणून काय ड्रम ओतून मारायचं? कमी करणं आपल्या हातात हाय, तेवढं करायचं."

"मग साफ कसं करणार?"

"हातानं."

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला खालून हाक मारली. मी मदत करीन का, असं त्यांनी विचारलं नाही. माझ्या हातात बांबू दिला.

त्या बांबूला वीत-वीत अंतरावर जुन्या साडीचे लाल काठ फाडून बांधले होते. बांबू उथळ टोकाला तळापर्यंत उभा धरायचा आणि पाण्याखालच्या किती चिंध्या दिसतात ते बघायचं. पहिल्या दिवशी एकही दिसली नाही. "बरं," अक्का म्हणाल्या, आणि पदर खोचला.

पद्धत त्यांचीच. वाशाच्या दोन काठ्यांमध्ये धुवट धोतर ताणून बांधलेलं. एका काठावरून मी, दुसऱ्या काठावरून त्या, अशा आम्ही ते पाण्यातून ओढत न्यायचो. साय धोतरावर जमायची. बेडूक निघाला तर अक्का त्याला ओंजळीत घेऊन अळूच्या वाफ्यात सोडायच्या, आणि तो संध्याकाळी परत यायचा. मग मी भिंती घासायचे, काथ्याने, शिडीला एका हाताने धरून. ऑफिसला जायच्या आधी रोज तासभर आणि रविवारी दुपारपर्यंत. माझ्या नखांत हिरवं राहायला लागलं. ऑफिसात मी हात टेबलाखाली ठेवायचे.

अशाच एका रविवारी अक्का वर माझ्या खोलीत आल्या. त्या कधी वर येत नसत. आल्या आणि दार लोटून घेतलं.

"पोवायचा ड्रेस मागव. मोबाइलवर मिळतोय म्हणं. हात झाकणारा, पाय झाकणारा. काळा नको."

"कुणासाठी?"

"आता ह्या घरात माणसं किती हायीत?"

त्या पलंगाच्या कडेवर बसल्या. "वडगावात माझे भाऊ विहिरीत उड्या मारायचे. मी काठावर त्यांची कापडं राखायला. लगीन होऊन हितं आले, तर दारातच हौद. तीस वर्षं टॉवेल धरून उभी ऱ्हायले. पाय बुडवून बसले असंन. त्याच्या पुढं न्हाय." मग माझ्याकडे न बघता, "तुला येतंय न्हवं पोवायला? तुझे वडील म्हणालते."

नाही म्हणता आलं असतं. "येतं," मी म्हणाले.

"मग झालं. थोरल्याला सांगू नको. हसंल."

मी शिवणाच्या टेपने त्यांची मापं घेतली. ड्रेस आला तो मोरपंखी. त्यांनी तो लोखंडी कपाटात, ठेवणीतल्या दोन साड्यांच्या मध्ये ठेवला. कपडे वाळत घालताना मला दिसायचं, त्या कपाट उघडून नुसत्या बघत उभ्या असायच्या.

मार्च लागला. बांबूवर दोन चिंध्या दिसल्या. एकदा तीन. दुसऱ्या दिवशी परत दोन, मग एक. अक्का ओढायचं धोतर बदलून अधिक घट्ट विणीचं आणायच्या, आम्ही अर्धा तास जास्त ओढायचो, आणि पाणी परत हिरवं व्हायचं. "हट्टी हाय," त्या शेवाळाबद्दल म्हणायच्या, जरा आदरानेच.

ते का परत येतं, हे मला एका सकाळी वरच्या खिडकीतून दिसलं.

काम झालं की मी आंघोळीला वर यायचे. त्या दिवशी टॉवेल शोधत खिडकीशी थांबले. खाली अक्का एकट्याच हौदाच्या खोल टोकाशी वाकल्या होत्या. शेवाळाने भरलेलं धोतर त्यांनी उलटं धरलं, त्यावर तांब्याने गाळलेलं पाणी ओतलं आणि ते धुवण पितळी बादलीत घेऊन, दोरीने अलगद सोडून, हौदात पालथं केलं. पाण्यात एक हिरवा ढग सुटला आणि पसरत गेला. त्यांनी हात जोडले.

ज्याच्या घरचं त्याच्या घरी. म्हणजे आम्ही रोज तासभर जे काढत होतो, ते त्या रोज पाच मिनिटांत परत ठेवत होत्या.

मी लगेच खाली जाऊन सांगायला हवं होतं. मी तीन आठवडे सांगितलं नाही. एकदा मेसेज लिहिला, "अक्का, एक नम्र सूचना करायची होती," आणि खोडला. ते हात सातव्या-आठव्या वर्षी शिकलेली गोष्ट करत होते. मी त्यांच्या धर्माची नाही, त्यांच्या नात्यातली नाही. मला वाटत होतं मी त्यांचा मान ठेवते आहे. खरं तर मला भीती वाटत होती, आणि मी रोज सकाळी खाली जाऊन, सगळं माहीत असून, धोतराचं दुसरं टोक धरत होते.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात बांबूवर एकही चिंधी दिसेना. अक्कांनी बांबू काढला, आडवा ठेवला आणि त्या काठावर बसल्या. कामाच्या वेळी त्या बसलेल्या मी पहिल्यांदाच बघत होते.

"तो ड्रेस परत घेत्यात काय गं?"

"अक्का, तुम्ही रोज परत टाकताय," मी म्हणाले.

"काय?"

"शेवाळ. धोतर धुऊन तुम्ही हौदातच सोडता. जिवाणीबरोबर तेही जातं. म्हणून वाढतंय."

त्या पाण्याकडे बघत राहिल्या. मग खोल टोकाकडे, जिथे त्या रोज वाकायच्या. "कवापास्नं बघतीस हे?"

"तीन आठवडे."

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या उठल्या, बादली उचलली आणि आत गेल्या. दोन दिवस फाटकात कोणी उभं नव्हतं. ताट झाकलेलं असायचं, समोर कोणी बसायचं नाही. दोन्ही दिवशी मी वांगं ताटात ठेवून उठले.

तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला अंगणातून हाक आली. सगळ्या कॉलनीला आली.

"ए पोरी! हौदात पाणी आलंय कुठनं?"

मी खिडकी उघडली. "विहिरीतून."

"मोठ्यानं बोल!"

"विहिरीतून!"

"मग त्या जिवांचं घर कुठलं?"

मी चप्पल न घालताच खाली गेले. अक्का विहीर आणि हौद ह्यांच्या मधे उभ्या होत्या, दोन दिवस झोपल्या नसाव्यात. "ह्यांनी मोटर लावून पाणी हितं आणलं. नेमानं त्यांचं घर ही विहीर. आणि मी इतके महिने त्यांना परक्याच्या दारात परत सोडत बसले." त्या हौदाकडे वळल्या. "सगळं पाणी परत न्यायचं. मग तळ घासायचा. पर पंप न्हाय लावायचा. चिखलाचा पंप आणला तर बेडकाची चटणी हुतीया."

"बादल्यांनी होणार नाही, अक्का. महिना जाईल."

"मग?"

विहीर अंगणाच्या खालच्या कोपऱ्यात होती आणि उन्हाळ्यात तिचं पाणी हौदाच्या तळापेक्षा बरंच खाली गेलेलं. मला शाळेतलं आठवलं. "पाइपाने आपोआप येईल. एकदा पाइप पूर्ण पाण्याने भरला की ह्या टोकातून त्या टोकात येत राहतं. पंप लागत नाही. काही चिरडत नाही."

"वर चढून?"

"काठावरून वर चढून, मग खाली."

"बघू की," त्या म्हणाल्या, म्हणजे विश्वास बसला नव्हता.

इंजिनिअर काकांनी भिंतीवरून बागेचा जाड पाइप दिला आणि स्वतःही आले. आम्ही तो पाण्यात बुडवून भरला, तोंडं हाताने दाबून धरली, एक टोक हौदात, दुसरं विहिरीच्या कठड्यावरून आत, पार पाण्यापर्यंत, वरून मार बसू नये म्हणून. मी हात काढला. पाइप थरथरला आणि विहिरीच्या पोटातून गुळगुळ आवाज आला. अक्कांनी पाइपावर हात ठेवला, नाडी बघावी तसा.

"चाललंय," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने पुन्हा, "चाललंय गं."

"पण अक्का, विहिरीचं पाणी आपण पितो."

"अंधारात शेवाळ धरत न्हाय. आणि महिनाभर कॉलनीतल्या म्युनिसिपाल्टीच्या नळाचं आणून पिऊ की. गाळूनच पितो न्हवं आपण?"

अडीच दिवस पाणी जात राहिलं. मग उरलेला चिखल आम्ही बादलीत भरून, तळाच्या कडीने, एकेक करून विहिरीत पोचवला. ती बादली दोन लिटरची असेल. किती वेळा सोडली ते मी मोजलं नाही, खांद्यांनी मोजलं. इंजिनिअर काका पहिल्या तासानंतर पाठ धरून घरी गेले. चिखलात यजमानांचा चष्मा सापडला. अक्कांनी तो पुसून डोळ्यांना लावून पाहिला. "तरी मी म्हणायचे, पोवताना काढून ठेवत जावा." आणि तोही कपाटात गेला, ज्याच्या घरचं त्याच्या घरी.

तळाला निळ्या फरश्या होत्या. हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. चार दिवस काथ्याने घासल्यावर दिसल्या.

मोटरीला जाळी होतीच; बाहेरच्या तोंडाला अक्कांनी फडक्याची चार पदरी घडी बांधली आणि विहिरीचं पाणी हौदात परत आलं. ऊन लागू नये म्हणून त्यांनी जुन्या साड्या जोडून, वासे टाकून, हौदाला मांडवासारखं झाकण केलं. आता रोजचं फडकं विहिरीवर धुतलं जायचं. बांबू कोपऱ्यात उभा राहिला. तो लागतच नव्हता.

मेच्या दुसऱ्या शनिवारी थोरला आला. मुरूमवाल्याचा नंबर त्याने आणला होता, मला वाटतं. अक्का आणि मी मिळून साड्यांचं झाकण गुंडाळलं. तो काठावर आला आणि थांबला. सकाळचं ऊन तळापर्यंत गेलेलं, फरश्यांच्या रेघा हलत होत्या.

"दिसतोय तळ," तो म्हणाला. मग, "आई, पण आता हे वापरणार कोण? परत साचेल, परत हिरवं होईल. तू एकटी इथे. मला खरंच भीती वाटते."

"थांब हितंच," अक्का म्हणाल्या आणि आत गेल्या.

आल्या त्या मोरपंखी ड्रेसमध्ये, खांद्यावर टॉवेल. तो टॉवेल त्यांनी थोरल्याच्या हातात दिला. "धर. तीस वर्षं मी धरला."

तो हसला नाही. माझ्याकडे बघितलं त्याने. मीही टॉवेल गुंडाळून उभी होते, माझाही ड्रेस हात झाकणारा, पाय झाकणारा. अक्कांचा आला तेव्हाच, कोणाला न सांगता, मी दुसरा मागवला होता. नववीनंतर पहिल्यांदा मी एका अनोळखी माणसासमोर पाण्याच्या काठाशी उभी होते आणि मला वर पळून जायचं होतं. अक्का शिडीवरून एकेक पायरी उतरायला लागल्या होत्या. मी टॉवेल ठेवला आणि उथळ टोकाने आत गेले.

पाणी त्यांच्या छातीपर्यंत आलं. गार होतं. त्यांनी श्वास धरला, सोडला, आणि वर मुलाकडे बघितलं.

"बोटं दिसत्यात काय माझ्या पायाची?"

"दिसतात, आई."

"मोज."

"आई..."

"मोज म्हणते न्हवं."

त्याने मोजली. दहा भरली.

मग त्यांनी दोन्ही हातांनी काठ धरला, मी त्यांच्या पाठीखाली हात घातला. त्यांचं अंग लाकडासारखं ताठ झालं होतं. मी त्यांच्या कानापाशी म्हणाले, "पाय सोडा, अक्का."

"सोडलेत की."

मी खाली बघितलं. निळ्या फरशीवर त्यांचे दोन्ही अंगठे घट्ट रोवलेले होते.

"नाही सोडले," मी म्हणाले, मोठ्याने, थोरल्याला आणि भिंतीपलीकडच्या इंजिनिअर काकांनाही ऐकू जाईल अशा आवाजात. "अंगठे टेकलेत. दिसतंय मला."

अक्कांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. पाणी इतकं स्वच्छ होतं की आता कोणाला काही लपवता येण्यासारखं नव्हतं. त्यांनी डोळे मिटले. आधी डावा अंगठा सुटला, मग उजवा.